पहिल्या फेरीचा आकडा

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मनात आलं की ओठांवर आलंच, मग समोर साहेब असो नाहीतर कुणाची सासू. शाळेत बाई मला वर्गाबाहेर उभं करायच्या, तर मी बाहेरून बडबडायची. अशा मी एकदा चार दिवस तोंड शिवून घेतलं होतं. त्या चार दिवसांचा मला अजून राग येतो, आणि तो दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. नोकरी लागली ती एका चाचणी प्रकल्पावर. ऑफिस शहापूरला, भाड्याच्या दोन खोल्यांत. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, टँकरने आणायचा आणि खोल बोअरमधून दाबाने आपल्या काळ्या कातळाखाली सोडायचा, असा तो प्रकल्प. हवेत जाऊन उन्हाळा वाढवण्यापेक्षा खाली दगडात पडून राहिला तर बरं, इतकी साधी गोष्ट. बोअर होती धसईच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला, एका माळावर. गॅस सोडणारी माणसं वेगळी होती. आमचं काम त्यावर नजर ठेवायचं: सोडलेला गॅस ठरल्या जागी आहे ना, की कुठल्या फटीतून वर सरकतोय.

आता जमिनीच्या पोटातलं कळणार कसं? तर वजनावरून. दगडाच्या भेगांमध्ये पाणी असतं. गॅस आला की पाणी बाजूला सरतं. गॅस पाण्याहून हलका, म्हणून तिथलं वजन घटतं आणि त्या जागेवर पृथ्वीची ओढ जराशी कमी होते. जराशी हा शब्दही फार मोठा झाला, इतकी ती थोडी. ती मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं. आत एक स्प्रिंग आणि तिला टांगलेलं इवलंसं वजन. आम्ही त्याला डबा म्हणायचो. त्या डब्याचे लाड काय सांगू! गाडीचा धक्का बसला की रुसणार, ऊन लागलं की रुसणार, बाजूने ट्रॅक्टर गेला तरी आकडा हलणार. चंद्र सरकला तरी आकडा बदलतो असं मी घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "म्हंजे तुजासारखंच हाय ते. कश्यानं पन बिघडतं."

तिथेच माझं शास्त्र कामाला यायचं. सकाळी आटगावजवळच्या उघड्या कातळावर पहिलं रीडिंग घ्यायचं. तिथे खाली काही सोडलेलं नाही, म्हणून तो आमचा आधार. मग जीप हळूहळू किन्हवलीवरून, सरळगाववरून धसईकडे न्यायची. बोअरच्या आजूबाजूच्या वाड्यांत आम्ही सिमेंटचे छोटे ओटे बांधले होते, प्रत्येकाच्या मध्यावर पितळेचा एक खिळा. प्रत्येक ओट्यावर डबा ठेवायचा, तो शांत होईपर्यंत जवळ कुणी हलायचं नाही, मग आकडा लिहायचा. संध्याकाळी परत आटगावला येऊन तोच पहिला आकडा पुन्हा घ्यायचा, म्हणजे दिवसभरात डबा स्वतः किती थकला ते कळतं. याला आम्ही एक फेरी म्हणायचो. मग मी बसायची. चंद्राचं वजा कर, विहिरींच्या पाण्याचं वजा कर, डब्याचा थकवा वजा कर. उरलं ते खरं की नुसता योगायोग, हे सांगणं माझं काम. एका फेरीवर कुणी विश्वास ठेवायचा नाही. तीन फेऱ्या एकच बोलल्या तर तोंड उघडायचं, हा आमच्या सरांचा, म्हणजे प्रकल्पप्रमुखांचा, नियम, आणि मला तो पटलेला होता.

त्या ओट्यांपैकी एक माझ्या ताईच्या शेतात होता.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. धसईच्या पुढच्या एका वाडीत दिलेली. घरात भावोजी, त्यांची आई, ज्यांना मी मावशी म्हणते, आणि त्या चार दिवसांच्या वेळी तीन महिन्यांची असलेली त्यांची मुलगी. सगळे तिला बायच म्हणायचे. घर खोलगट जागेत, मागे विहीर, पुढे भाताची खाचरं. भावोजी गवंडी, आठवडाभर कल्याणकडे बांधकामावर आणि रविवारी घरी.

ओटे बांधायच्या आधी वाडीत सभा झाली होती. मारुतीच्या देवळापुढे सगळे जमले होते. लोकांनी सरळ विचारलं, गॅस वर आला तर? सर आपल्या पुस्तकी मराठीत काहीतरी सांगत होते, कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. तेव्हा मी मध्ये पडले. नेहमीची सवय. म्हटलं, "अरे, माझी सख्खी बहीण इथं राहते. तिच्या दारात मी असलं काय होऊ देईन का? काही वेडंवाकडं दिसलं तर पहिली मी धावत येईन." एवढ्यावर लोक मानले. सह्या झाल्या, अंगठे झाले. परतताना सर म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." मी दिवसभर हवेत होते.

ताईच्या शेतातली जागाही मीच निवडली. खाचरांत सगळीकडे भुसभुशीत माती, आणि घराजवळ एक तुकडा छान सपाट, टणक. म्हटलं, हीच जागा. भावोजींनीच आमच्याकडे मजुरीवर येऊन तो ओटा बांधला, आणि बाकीचेही त्यांनीच. हाताला सफाई अशी की सर ओटा बघून दोनदा "वा" म्हणाले.

त्यानंतर पौषात पहिल्या फेऱ्या झाल्या. मग गॅस सोडायला सुरुवात झाली. वर्षभर सगळं सुरळीत. पुढच्या वर्षी पौषातच पुन्हा फेऱ्या घ्यायच्या ठरल्या, म्हणजे ऋतू तोच, पाणी साधारण तेवढंच. मी निश्चिंत होते. इतकी निश्चिंत की ताईच्या ओट्यावर रीडिंग घेताना बायला मांडीवर घेऊन बसता येईल का, याचाच विचार करत होते.

पहिल्या फेरीच्या संध्याकाळी आकडे मांडले. सगळे ओटे जागच्या जागी, मागच्या वर्षीसारखे. एकच खाली आला होता. ताईचा. थोडाथोडका नाही, आमची चूकभूल धरून जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पलीकडे.

मी पुन्हा वजाबाकी केली. पुन्हा केली. चंद्राचं गणित उलटं तर लावलं नाही ना, म्हणून तेही तपासलं. आकडा तसाच. मग मला दुसरं सुचलं. गॅस खोल असता, तर त्याचं हलकेपण लांबवर पसरून चार-पाच ओट्यांवर थोडंथोडं दिसलं असतं. एकट्या एका ओट्यावर एवढी घट, याचा अर्थ जे काही आहे ते उथळ आहे. ताईच्या विहिरीच्या पातळीला. आणि हा गॅस हवेहून जड. वर आला तर उडून जात नाही, खोलगट जागेत साचून बसतो. वास नाही, रंग नाही. ताईच्या घराइतकी खोलगट जागा त्या वाडीत दुसरी नव्हती.

मी सरांना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "एक तर गळती, नाहीतर चूक. एका फेरीवरून दोन्ही सांगता येत नाही."

"सर, तिथं तान्हं मूल आहे."

"म्हणूनच. उद्या गॅसमीटर घेऊन जा. हवेत काही असेल तर त्याच मिनिटाला सगळी वाडी रिकामी करू, मी स्वतः येतो. हवेत काही नसेल तर बाकीच्या फेऱ्या होईपर्यंत कुणाला बोलू नका. आज उगाच पळवलं, तर खरं संकट येईल तेव्हा कुणी हलणार नाही."

सर वाईट माणूस नव्हेत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांचं बोलणं चूक आहे असं त्या वेळी मला वाटलं नाही. मी मान डोलावली. तोंडाळ मी, मान डोलावून घरी आले.

दुसऱ्या दिवशी फेरीच्या आधी मीटर घेऊन ताईकडे गेले. विहिरीच्या काठावर धरलं, उंबऱ्यात धरलं, घरात शिरून भुईला टेकवलं. आकडा नेहमीच्या हवेचा. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडेना. मीटर सांगतं ते वर आलेल्या गॅसचं. वाटेत असलेल्याचं नाही.

"काय गो, खाली काय शोधतंस?" मावशींनी विचारलं.

"हवामानाचं आहे, मावशी. विहिरीपाशी टांगून ठेवते. त्यातून आवाज आला तर घराबाहेर पडा आणि मला फोन करा."

"हवामानाचा आवाज व्हतो?"

"होतो कधीकधी," मी म्हटलं. इतकं सरळ खोटं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मावशींना पटलं नाही, पण शिकलेली पोर बोलतेय म्हणून त्या गप्प बसल्या.

बाय खाली भुईजवळ झोळीत झोपली होती. जुन्या लुगड्याची झोळी, आढ्याला दोर बांधलेला, आणि झोळीचा तळ भुईपासून वीतभर. माझ्याने ते बघवेना. म्हटलं, "ताई, ही झोळी वर घे जरा. खाली मुंग्या लागतील."

"थंडीच्या दिसात मुंग्या कुठच्या?"

"घे ना वर! सांगते ते ऐकशील का कधी?" मी एवढ्या जोरात ओरडले की बाय जागी होऊन रडायला लागली. ताईने माझ्याकडे बघितलं, दोर सोडला आणि झोळी कमरेएवढी वर बांधली. मग म्हणाली, "भांडून आलीस का ऑफिसात?" मी हो म्हटलं. दुसरं खोटं.

दुसऱ्या फेरीत घट तेवढीच. मला वाटायला लागलं की घरी आल्यावरही नाकाला काहीतरी जाणवतंय, ज्याला वासच नाही त्याचा वास. जेवण जाईना. आईने कपाळाला हात लावून बघितला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ताईला फोन करून मी विचारायची, बाय काय करते, दूध प्यायली का, डोकं दुखतंय का कुणाचं. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा ताई म्हणाली, "आगो, माजी सासू येवढी विचारपूस नाय करत." ती हसली. मी फोन ठेवून न्हाणीत जाऊन रडले.

दरवेळी वाटायचं, आता सांगून टाकू. मग वाटायचं, सांगितलं तर ती बायला घेऊन धावेल, मावशी धावतील, शेजारी बघतील, वाडीभर बोंब होईल, आणि तिसऱ्या फेरीत आकडा जागेवर आला तर? लोक म्हणतील, हिने उगाच तोंडचं पाणी पळवलं. मग कुणी सही देणार नाही, कुणी जागा देणार नाही. खरं सांगू? त्यात एक विचार असाही होता की देवळापुढे एवढं छातीठोक बोलले आणि मीच खोटी पडेन. तो विचार मी सरांच्या नियमामागे लपवला होता.

मधला एक दिवस डब्याला विश्रांती. तो दिवस कसा गेला ते आठवतच नाही. तिसरी फेरी रविवारी आली. ड्रायव्हरकाकांनी जीप इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न मारून शिव्या देत पुढे जात होते. ताईच्या शेतात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. भाताची झोडणी नुकतीच उरकलेली, कोपऱ्यात पेंढ्याची उडवी रचलेली, सगळीकडे शेणाच्या सारवणाचा वास. मी डबा ओट्यावर ठेवला. तो शांत होईस्तोवर मी श्वास रोखून उभी. आकडा लिहिला. तिथेच वहीवर कच्ची वजाबाकी केली. एवढ्या दिवसांत मला घटीचा आकडा तोंडपाठ झाला होता. परत तोच.

तीन फेऱ्या एकच बोलल्या. आता सांगायचं. मी सरांना फोन लावायला मोबाइल काढला.

तेवढ्यात भावोजी घरातून आले. रविवार म्हणून घरी होते. अंगात बनियन, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर कामाची शाबासकी मागणारं हसू.

"मग? ओटा कसा जालाय? बोलली नाय तू काय."

"कुठला ओटा?"

"ह्योच. चार बोटं वर घेतलाय मी. खळं भरून घेतलं ना आमी झोडणीला, माती टाकली, चोपली, तं तुमचा ओटा खाली रायला, खड्ड्यागत. सगळं भात त्यात जायचं. मंग म्हटलं, तुमचं काम तं बिघडाला नको. वरून सिमेंट केलं आन खिळा काढून परत बरोबर मधी बसवला. दोरीनं मापून. तुला कळलं पन नाय, बघ." ते खूश होऊन हसले. "आन वरून आयेनं सारवलं. तुजं यंत्र येतंय, मान नको त्याला?"

मी ओट्याकडे बघत राहिले. शेणाचं सारवण सुकलेलं, त्यातून डोकावणारा तो पितळेचा खिळा, अगदी मध्यावर, जसा पाहिजे तसा. पृथ्वीपासून चार बोटं वर गेलं की ओढ कमी होते. चार बोटं वर आणि एवढी घट, हे मी पाठ्यपुस्तकात शिकलेलं, परीक्षेत लिहिलेलं. उंची मोजणारी माणसं वर्षातून एकदाच येत. ती अजून यायची होती.

आणि ती जागा सपाट आणि टणक का होती, ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. ते खळंच होतं. गेल्या वर्षी आम्ही झोडणी उरकल्यावर आलो, खळं मोडलेलं, मला नुसती चांगली जागा दिसली. दरवर्षी तिथेच माती टाकतात, चोपतात, सारवतात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली मी, आमच्या घरचं खळं मी स्वतः चोपलेलं, आणि मला समजू नये! कर्म माझं.

आधी हसले, मग रडायला लागले, मग दोन्ही एकदम. भावोजींच्या हातातला चहा सांडला. मावशी धावत आल्या, ताई बायला घेऊन आली. "काय जालं गो? कोन गेलं का?" आणि मी, चार दिवसांचं तुंबलेलं, सगळं बोलून मोकळी झाले. आकडा कसा खाली आला, ते मीटर कसलं होतं, झोळी वर का घ्यायला लावली, सगळं. शेवटी म्हटलं, "पण काही नव्हतं गं ताई! ओटा चार बोटं वर गेला, एवढंच! सगळं ठीक आहे!"

मला वाटलं, ती मला मिठी मारेल.

ताई उभीच. बायला छातीशी धरलेलं, आणि दुसरा हात बायच्या डोक्यावर. भावोजी ओट्याकडे बघत होते, आपण काय केलं ते त्यांना आत्ता उमगत होतं, आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मी त्यांना "तुमची चूक नाही" असं म्हणणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "म्हंजे चार दिस तुला वाटत व्हतं, का माज्या पोरीच्या खाली गॅस हाय."

"वाटत होतं असं नाही. खात्री नव्हती."

"खात्री नव्हती म्हनून सांगतलं नाय."

"नियम आहे ताई. तीन फेऱ्या..."

"नियम तुमचा. पोर माजी." तिचा आवाज चढलाही नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तू फोन करून विचारत व्हतीस, दूध प्यायली का. मी हसत व्हते. तुला ठावं व्हतं आन मी हसत व्हते."

"ताई, पण खोटं निघालं ना..."

"निघालं खोटं. माज्या नशिबानं. माहीत नाय, येवढं जरी तू सांगतलं असतंस, तं मी दोन रात्री मामाकडं जाऊन रायले असते. येवढंच. कोन मेलं असतं? घाबराचं का नाय ते आमी ठरवलं असतं. तू कोन आमच्या वाटचं ठरवणारी?"

मावशींनी मला पाणी दिलं, "जा गो आता, जा," म्हणाल्या, आणि मी जीपमध्ये जाऊन बसले. आटगावचं संध्याकाळचं रीडिंग घ्यायला गेले, कारण फेरी पुरी करायची असते.

पुढचे दोन आठवडे ताईने माझा फोन घेतला नाही. भावोजींनी एकदा घेतला, म्हणाले, "बोलंल. राग हाय तिचा, जरा जाव दे." ओट्याचं त्यांना अजून लागून राहिलं होतं. सारखं म्हणत होते, "विचाराला पायजे व्हतं मी." मी म्हटलं, "मी पण विचारायला पाहिजे होतं, जागा निवडताना." आम्ही दोघं एकमेकांची समजूत काढत बसलो आणि ताई मागून भांडी आपटत होती, तो आवाज मला फोनवर ऐकू येत होता.

सरांशी मी भांडले. हो, भांडलेच. म्हटलं, नियम बदला. पहिल्या फेरीत काही दिसलं तर त्याच दिवशी त्या घराला सांगायचं. सर म्हणाले, लोक घाबरतील. मी म्हटलं, घाबरू देत, तो त्यांचा हक्क आहे. सर म्हणाले, आपण काय सांगणार, आपल्यालाच माहीत नसतं. मी म्हटलं, तेच सांगायचं, माहीत नाही म्हणून. सर म्हणाले, "संख्याशास्त्रज्ञ असून तुम्ही एका रीडिंगवर बोलायला सांगताय." मी म्हटलं, "संख्याशास्त्रज्ञ आहे म्हणूनच सांगतेय. एका आकड्यात किती कमी कळतं ते मला ठाऊक आहे. ते किती कमी आहे, हेही लोकांना सांगता येतं." शेवटी त्यांनी नियम बदलला, पूर्ण खुशीने नाही, पण बदलला. त्याच देवळापुढे जाऊन मी सगळ्यांना त्या चार दिवसांचं सांगितलं. एका म्हाताऱ्याने मला तोंडावर लबाड म्हटलं. ताई मागे बसली होती. ती शेवटपर्यंत उठून गेली नाही.

मग वैशाख आला. खळ्याबाहेर, बांधाच्या कडेला नवा ओटा बांधून झाला होता, उंचीसकट सगळं मोजून, आणि त्यावरचा सुरुवातीचा आकडा माघातच घेतलेला होता. विहिरींचं पाणी तळाला गेलं होतं. पावसाआधीची पहिली फेरी मी घेत होते. दुपारी ताईच्या ओट्यावर डबा शांत झाला, आकडा लिहिला, जीपच्या बॉनेटवर वही ठेवून कच्ची वजाबाकी केली.

घट होती. पौषातल्याएवढी नाही, पण चूकभूल धरून जेवढी चालते त्याच्या बाहेर. मीटर उंबऱ्यात धरलं, हवा साफ. पुढे दहा दिवसांनी कळलं की शेजारच्या बोअरने पाणी ओढल्यामुळे ताईची विहीर आमच्या अंदाजाहून खूप खाली गेली होती, एवढंच. पण त्या दुपारी ते मला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. पुन्हा तेच घर, तेच मूल, आणि या वेळी मावशी, ताई दोघी मला दारातून बघत होत्या. माझा चेहरा मला कधी लपवता आलेला नाही.

ड्रायव्हरकाका म्हणाले, "पुढे जायचं ना?" मी म्हटलं, "थांबा जरा." आणि अंगण ओलांडून सरळ ताईसमोर जाऊन उभी राहिले.

"ताई, आकडा कमी आलाय. पाणी खाली गेलं म्हणून असेल, नसेलही. हवेत आत्ता काही नाही. जमिनीखाली काय आहे ते मला माहीत नाही."

ताईने मला नीट बघून घेतलं, वरपासून खालपर्यंत.

"कवा कळंल?"

"तीन दिवसांनी थोडं. पुरतं कळायला आणखी वेळ लागेल."

"बरं," ती म्हणाली. मावशींना म्हणाली, "आये, दार लावा, मामाकडं जाव." आत जाऊन तिने चार कपडे पिशवीत कोंबले, बायची बाटली घेतली, बायला कडेवर घेतलं. घाबरली होती. पिशवीचा बंद दोनदा सुटला. पण माझ्यावर ओरडली नाही. जीपमध्ये डब्याशेजारी जागा करून आम्ही त्यांना धसईच्या स्टँडवर सोडलं. एसटी लागलेली होती. मावशी चढल्या, मी बायला खिडकीतून आत दिलं.

ताई पायरीवर थांबून मागे वळली. "कळलं का फोन कर," ती म्हणाली. "आन नाय कळलं तरी कर."